सस्पेन्स खातं

आमच्या बँकेत ज्या नोंदीचं नेमकं काय करायचं ते कळत नाही, ती तात्पुरती ‘सस्पेन्स खात्या’त टाकतात. तात्पुरती म्हणजे किती दिवस, हे विचारायचं नसतं. आमचे चिरंजीव इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेले आणि ह्या खात्याची एक शाखा आमच्या घरीच उघडली.

गणिताचा अभ्यास? “होईल हो बाबा!” ग्राफिक्सच्या शीट्स? “होतील हो!” हा आत्मविश्वास पाहून मी कॉमर्सवाला दिपून गेलो. १५ सप्टेंबरच्या अभियंता दिनाला विश्वेश्वरय्यांची गोष्टही सांगून पाहिली. पुण्याच्या कॉलेजातून १८८३ साली ते मुंबई इलाख्यात पहिले आले, वगैरे. चिरंजीव म्हणाले, “त्यांच्याकडे मोबाईल नव्हता, बाबा.”

सबमिशनच्या आदल्या रात्री कळलं, की आठांपैकी सात शीट्स कोऱ्या. चिरंजिवांनी शांतपणे आमच्या टीपॉयची काच उचलून दोन खुर्च्यांवर ठेवली. खाली टेबललॅम्प, वर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी. खालच्या रेघा वर गिरवायच्या. ह्या विद्येला ‘जीटी’ म्हणतात, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. बँकेत मी कुणाची सही अशी काढली, तर तिला वेगळं नाव आहे आणि वेगळं कलमही.

रात्री दोनला पाणी प्यायला उठलो, तर दिवा चालू आणि पोरगं काचेपुढे नुसतं बसलेलं.

“बाबा, मला हे जमणार नाही बहुतेक. बाकीच्यांना तो ठोकळा डोळ्यांसमोर दिसतो. मला नुसत्या रेघा दिसतात. पहिल्याच शीटला कळलं होतं. म्हणून दुसरी घेतलीच नाही. कोरी होती तोवर चुकली तरी नव्हती.”

माझ्याकडे एक खणखणीत भाषण तयार होतं. पण नेमकं समोरचं कपाट दिसलं. त्यात माझी ‘जेएआयआयबी’ची पुस्तकं आहेत. ही परीक्षा पास झालं, की आम्हा क्लार्क लोकांना एक इन्क्रीमेंट मिळतं. पुस्तकं घेतली तेव्हा हेच चिरंजीव बालवाडीत होते. मी आजवर परीक्षेला बसलेलो नाही. त्यामुळं नापासही झालेलो नाही.

भाषण गिळलं. स्वयंपाकघरातून सुरी आणि न्हाणीघरातून कोरी साबणाची वडी आणली. शीटवरच्या ठोकळ्यासारख्या तिला दोन पायऱ्या पाडल्या. मग बापलेक जमिनीला डोळे टेकवून ती वडी समोरून, बाजूनं, वरून पाहत बसलो. वरून दिसतं ते ‘फर्स्ट अँगल’मध्ये कागदावर खाली काढतात, हे मला त्या रात्री कळलं. वरचं सगळं शेवटी खालीच येतं, हा तर बँकेतला रोजचा अनुभव!

सकाळपर्यंत सहा शीट्स काचेच्या झाल्या आणि एक त्याची स्वतःची. त्या एकीवरच शेरा आला : ‘अस्वच्छ. पुन्हा काढा.’ आणि चिरंजिवांनी ती त्याच संध्याकाळी, काचेशिवाय, पुन्हा काढली. सौ. मात्र अजून पायऱ्यांच्या साबणाचा जाब विचारतेय.

परवा मी जेएआयआयबीचा फॉर्म भरायला बसलो. चिरंजीव मागं येऊन उभे राहिले.

“बाबा, आज शेवटची तारीख का?”

“नाही. अजून चार दिवस आहेत.”

“मग आजच एवढी काय घाई?”

मी डोळे मिटले आणि बटण दाबून टाकलं.