पहिले पाणी

तात्यापारा हे नाव रायपूरबाहेरच्या मराठी माणसाला सांगितले, की तो क्षणभर थबकतो. 'तात्या' त्याच्या घरातला असतो. 'पारा' मात्र त्याला ठाऊक नसतो. छत्तीसगढीत पारा म्हणजे वस्ती, आळी. एकाच नावात दोन भाषा शेजारी बसल्या आहेत आणि इतक्या वर्षांत कोणी कोणाला उठवलेले नाही. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या या मुलखात आल्या, १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले, १८१८ मध्ये इंग्रजांच्या देखरेखीत कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला आले आणि १८५४ मध्ये सारेच इंग्रजी अमलाखाली गेले. राज्य गेले, कारकून, पुजारी, वकील आणि मास्तर मात्र राहिले. अशा राहिलेल्या माणसांच्या घरांपैकी एका घरात, गेल्या मार्गशीर्षात, एका संध्याकाळी, एक अपरिचित चहा आला.

घर जुने, पुढे ओटा असलेले. शारदा चौकापासून तात्यापाऱ्यापर्यंतचा रस्ता रुंद करण्याची चर्चा वर्षानुवर्षे ऐकत हा ओटा टिकून राहिला आहे. घरातले आजोबा ब्याऐंशी वर्षांचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. चैत्रात आजी गेल्या. त्यानंतर घरात मराठी बोलणारे माणूस म्हणजे ते स्वतः. मुलगा मराठीत सुरुवात करून हिंदीत संपवतो; सून बिलासपूरची, मनाने उदार, पण मराठी तिला ऐकण्यापुरतीच येते. बेंगळुरूला नोकरी करणारी नात दिवाळीला येऊ शकली नव्हती, ती आता आली होती. डॉक्टरांनी आजोबांची साखर बंद केली आहे हे तिला फोनवर कळले होते. दुधासाखरेवाचून प्यावा असा चहा म्हणून तिने एक पाकीट आणले होते. चीनच्या युन्नान प्रांतातला 'पु-अर' आणि त्यात सुकवलेल्या संत्र्याची साल, सफरचंदाचे तुकडे, जास्वंदीच्या पाकळ्या आणि वर कसलासा फळांचा सुवास.

पाकीट उघडताच फळांचाच वास पुढे आला. गोड, थोडासा पेपरमिंटच्या गोळीसारखा. आजोबांनी पाकीट नाकाशी नेले आणि काही न बोलता खाली ठेवले. सुनेने सवयीने पातेल्यात दूध काढले होते; नातीने ते परत ठेवायला लावले. पाणी उकळले. नातीने किटलीत चार चिमटी पाने टाकली, त्यांवर उकळते पाणी ओतले आणि लगेच ते सगळे मोरीत ओतून दिले.

"हे काय केलंस?"

"आजोबा, याचा पहिला पाणी फेकायचा असतो."

"पहिले पाणी. फेकायचे असते. पाणी ते, तो नव्हे."

नात गप्प झाली. हा प्रसंग या घरात नवा नव्हता. तिच्या लहानपणापासून तो होत आला होता. हिंदीत पाणी पुल्लिंगी आणि मराठीत नपुंसकलिंगी; हिंदीत चाय ती आणि मराठीत चहा तो. दोन्ही शब्द मुळात चिनी 'चा'तूनच निघालेले. एकाला वाटेत फारसीने 'य' लावून दिला एवढेच. पण आठ वर्षांच्या मुलीला हे कोणी सांगत नाही. तिला फक्त एवढेच कळते, की शाळेत जे बरोबर असते ते आजोबांसमोर चूक असते. मधली काही वर्षे ती आजोबांशी हिंदीतच बोलत असे. हिंदीत ते चुका काढत नसत. मग आजी फोन हातात घेत आणि दोघींचे मोडके, मिसळलेले, भरभरून बोलणे चाले. आजी गेल्यापासून फोन येतो तो तीन-चार मिनिटांचा. "जेवलात का?" "औषध घेतलं का?" या दोन प्रश्नांत चूक करायला जागा नसते.

चहा कपांत ओतला गेला. रंग काळपट तांबडा, दाट काढ्यासारखा. आजोबांनी घोट घेतला. प्रथम फळाचा गोडसर वास नाकातून निघून गेला. मग जिभेवर जे उरले ते निराळेच होते. त्यात कडवटपणा नव्हता, तुरटपणाही फारसा नव्हता. एक ओलसर, जड, मातकट चव होती. जुनी लाकडी पेटी उघडल्यावर किंवा पहिल्या पावसात भिंत भिजल्यावर येणारा वास जणू पातळ होऊन घशाखाली उतरत होता.

"कशी लागली?" नातीने विचारले आणि लगेच जीभ चावली. "कसा लागला?"

"कुबट," आजोबा म्हणाले.

शब्द बरोबर होता, पण न्याय्य नव्हता, हे त्यांचे त्यांनाच जाणवले. षड्रसांची नावे पाठ असलेल्या आपल्या भाषेत बंद पेटीच्या वासाला जे शब्द आहेत ते बहुतेक तक्रारीचे आहेत: कुबट, उबट, दमट. ज्या वासाला नाक मुरडायचे त्यालाच आपण नाव ठेवले. ते दुसरा घोट घेऊन शब्द शोधू लागले. नात तेवढ्यात या चहाची माहिती सांगत होती, निम्मी मराठीत, निम्मी हिंदीत. आजोबा या वेळी अडवत नव्हते, कारण ते शब्द शोधण्यात गुंतले होते.

पु-अर हे चहाच्या मळ्याचे नाव नव्हे, बाजारपेठेचे. आसपासच्या डोंगरांतला चहा त्या गावी जमा होई, आणि तिथून घोड्या-खेचरांच्या पाठीवर तिबेटकडे जाई. तिबेटात चहाला घोड्यांच्या बदल्यात किंमत होती. वाहतुकीला सोयीचे म्हणून पाने वाफवून त्यांच्या वड्या दाबत. आजही ठरावीक वडी ३५७ ग्रॅमची असते. महिनोन्‌महिन्यांच्या त्या वाटेवर पाऊस, ऊन, दमटपणा यांनी पानांत आपोआप बदल होत गेला. वर्षानुवर्षे ठेवलेल्या वडीला चढणारी गोडी पुढे लोकांना इतकी आवडली, की तिची वाट पाहणे कठीण झाले. १९७३ च्या सुमारास कुनमिंगच्या कारखान्यात पानांचे ढीग रचून, त्यांवर पाणी शिंपडून, झाकून, ती क्रिया काही आठवड्यांत उरकण्याची रीत बसवली गेली. नातीने आणलेला चहा त्या रीतीचा. त्या चहाचे झाड आसामातल्या झाडाचेच सगोत्र. आसाम-अरुणाचलातले सिंगफो लोक पाने भाजून बांबूच्या नळीत ठासतात आणि चुलीवरच्या धुरात ती नळी ठेवून देतात. पु-अरचा तो जवळचा भाऊबंद म्हणावा. आपल्याकडे मात्र चहा आला तो इंग्रजांच्या मळ्यातून, दाणेदार होऊन. आणि दूध, साखर, आले, गवती चहा यांच्यात उकळून आपला झाला.

"मुरलेला," आजोबा एकदम म्हणाले.

"काय?"

"हा चहा कुबट नाही. मुरलेला आहे."

नातीला मुरणे हा शब्द एकाच वाक्प्रचारातून ठाऊक होता. "म्हणजे, कुठेतरी पाणी मुरतंय, ते?" तिने विचारले. तिच्या दृष्टीने मुरणे म्हणजे लबाडी. आजोबा हसले. मग लोणचे मुरते म्हणजे काय, मुरलेला गवई कोणाला म्हणतात, हे त्यांनी सांगितले. आंबणे वेगळे, विरजणे वेगळे, मुरणे वेगळे. आंबण्यात उतावीळपणा असतो. मुरायला झाकण लागते, काळोख लागतो, आणि मुख्य म्हणजे कोणी सारखे उघडून पाहू नये लागते.

हे शेवटचे वाक्य बोलून झाल्यावर ते थांबले. सारखे उघडून पाहणारे कोण, हे सांगण्याची गरज दोघांनाही नव्हती.

दुसरे पाणी ओतले. फळांचा वास आता निम्म्याने उतरला होता. तिसऱ्या पाण्याला तो नाहीसाच झाला. सफरचंदाचे तुकडे फुगून निःसत्त्व तरंगत राहिले. चहा मात्र तसाच होता, उलट अधिक मऊ, गुळचट. गणिताच्या शिक्षकाला हा प्रयोग पसंत पडला. जे वरून शिंपडले ते आधी गेले. जे आत मुरले ते टिकले. पण लगेच त्यांच्या मनात शंका उभी राहिली: मग फळ आणि हा चहा यांचा संबंधच चुकीचा का? नात म्हणाली, तसे नाही. दक्षिण चीनमधल्या शिनहुई भागात लहान हिरवी संत्री पोखरून त्यांत पु-अर भरतात आणि चहासकट सुकवतात. तिथली संत्र्याची साल वर्षानुवर्षे राखून ठेवतात. ती जितकी जुनी तितकी तिला मोल अधिक.

आजोबा उठले. फडताळाच्या वरच्या खणातून त्यांनी एक पत्र्याचा डबा काढला. त्यात संत्र्याच्या साली होत्या, वाळून काळपट तपकिरी झालेल्या. नागपुरी संत्री हिवाळ्यात रायपूरच्या हातगाड्यांवर आली, की आजी साली फेकू देत नसत. धुऊन, गच्चीवर सुपात वाळवून त्या पुढच्या दिवाळीच्या उटण्यासाठी ठेवत. गेल्या पौषातल्या या साली. दिवाळी आली तेव्हा त्या कुटायला आजी नव्हत्या. सुनेने उटण्याची पुडी दुकानातून आणली. तिची काही चूक नव्हती, डबा तिला माहीतच नव्हता. आजोबांना माहीत होता. त्यांनी तो काढला नव्हता.

एक साल मोडून त्यांनी किटलीत टाकली. चौथे पाणी ओतले. झाकण ठेवून दोघे थांबले. वास आला तो फळाचा नव्हता, अभ्यंगस्नानाचा होता. नरक चतुर्दशीची पहाट, पाटाभोवती रांगोळी, तांब्याचा बंब आणि अंगाला खरखरणारे उटणे. नातीनेही तो ओळखला. ती काही बोलली नाही. तिने कप हातात धरून ठेवला.

मग बऱ्याच वेळाने आजोबांनी एक गोष्ट सांगितली. ती घरात कोणाला ठाऊक नव्हती. त्यांचे वडील सरकारी कचेरीत होते. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत राज्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी दोन्ही राज्यभाषा होत्या. राज्यपुनर्रचनेत नागपूर एका बाजूला गेले, रायपूर दुसऱ्या बाजूला राहिले. ते तेव्हा तेरा वर्षांचे होते. घरातली भाषा एका रात्रीत केवळ घरातलीच उरली. पुढे शिक्षणासाठी ते पुण्याला नातलगांकडे गेले. पहिल्याच दिवशी कोणी विचारले, काय करतोस? "वाचून राहिलो आहे," ते म्हणाले. नागपूर-रायपूरकडे सगळेच तसे म्हणतात. पंगत हसली. त्यानंतर पुण्यातली दोन वर्षे प्रत्येक वाक्य तोंडाबाहेर काढण्यापूर्वी त्यांनी मनात तपासले. परत आले ते शुद्ध होऊन. "आणि मग तुझ्या बाबाला तपासलं," ते म्हणाले, "आणि तुला."

आजींनी मात्र 'करून राहिले', 'येऊन राहिले' कधीच सोडले नव्हते. भाजीवालीशी छत्तीसगढी, सुनेशी हिंदी, देवाशी मराठी अशी त्यांची सोय होती. याच शहरात माधवराव सप्रे होऊन गेले. मातृभाषा मराठी असून ते हिंदीचे संपादक झाले. दासबोध आणि गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेले. आजोबा त्यांचे नाव अभिमानाने घेत. पण एका भाषेतून दुसरीत जाताना विद्वानाचा सत्कार होतो आणि नातीला टोकले जाते, हा हिशेब त्यांनी कधी मांडून पाहिला नव्हता.

त्या संध्याकाळी सगळे निवळले असे म्हणता येणार नाही. साठ वर्षांची सवय चार पाण्यांत धुतली जात नाही. जेवताना नातीने "आमटी चांगला झाला" म्हटले आणि आजोबांची मान आपोआप वर झाली. पुढचे शब्द त्यांनी घासाबरोबर गिळले, ते सगळ्यांना दिसले. नातीने स्वतःच "चांगली" असे दुरुस्त केले आणि मग विचारले, "आमटी ती का, आजोबा?" गणिताच्या शिक्षकाला उत्तर आले नाही. "तशीच आहे," ते म्हणाले. नियम न सांगता दिलेले त्यांचे ते बहुधा पहिले उत्तर.

निघताना नातीने चहाचे पाकीट मागे ठेवले आणि आजोबांनी डब्यातल्या निम्म्या साली तिला कागदात बांधून दिल्या. निम्म्या ठेवून घेतल्या. पुढच्या दिवाळीला कुटायच्या असे सुनेशी ठरले. कुटून चाळायचे कसे हे सुनेने विचारले, तेव्हा त्यांनी तिला हिंदीत समजावून सांगितले.

पुढच्या रविवारी फोन आला. जेवलात का, औषध घेतलं का, हे झाले. आता फोन ठेवणार असे वाटत असतानाच पलीकडून आवाज आला, "आजोबा, तो चहा उकळून राहिले आहे मी. आजीची साल टाकून."

इकडे थोडी शांतता पडली.

"उकळू नकोस," आजोबा म्हणाले. "नुसतं उकळतं पाणी ओत. आणि पहिले टाकून दे."