नोकरी सोडणार नाही, दादा

वरंध, ता. महाड

ती. दादास,


तू अमेरिकेतून पाठवलेली माहितीपत्रकं सगळी वाचली. शालेय मानसशास्त्रातली डॉक्टरेट, संध्याकाळचे ऑनलाइन वर्ग, नोकरी सांभाळून पूर्ण करता येते. फीचा अर्धा भार उचलायची तयारीही तू दाखवलीस. आईने ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. तरी तिथे नाव घालायचं नाही असं मी ठरवलंय. पीएच.डी. करणार, नोकरी न सोडता करणार, पण इथूनच करणार. तुझा फोन आला तेव्हा पोरांचं जेवण चाललं होतं, नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

तुमच्याकडचा अभ्यासक्रम हलका आहे असं मी म्हणत नाही. उलट तिथल्या शालेय मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे निकष मी पाहिले. डॉक्टरेट करणाऱ्याला किमान १५०० तासांची इंटर्नशिप लागते, त्यातले निदान ६०० तास प्रत्यक्ष शाळेत, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. व्याख्यानं घरबसल्या ऐकता येतील, हे तास कसे भरायचे? महाड-पोलादपुरात माझं काम रोज बघून, चुकलं तिथे थांबवून, शेवटी कागदावर सही करील असा शालेय मानसशास्त्रज्ञ कोण आहे? एखादी संस्था हे तास माफ करत असेल, तर तिची पदवी मला नको. मुलांच्या मनाला हात घालायला शिकायचं आणि तपासणारं कुणी नसावं, हे मला पटत नाही. शिवाय इकडे यूजीसी दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी. मानत नाही. परदेशी विद्यापीठांच्या ऑनलाइन पीएच.डी.च्या जाहिरातींना भुलू नका, अशी सूचना यूजीसी आणि एआयसीटीईने ऑक्टोबर २०२२ मध्येच काढली होती.

पण खरं कारण वेगळं आहे. मला जे शोधायचंय ते इथेच आहे.

माझ्या वर्गात तिसरीतला एक मुलगा आहे. जून उजाडेपर्यंत तो बऱ्यापैकी वाचतो. रफार आणि जोडाक्षरांना अडखळतो, तेवढं सगळीच पोरं अडखळतात. जुलैत डोंगर काळवंडला, पावसाचा आवाज पत्र्यावर वाढला, की हा पुस्तक मिटतो, दप्तर भरतो, दोन्ही खांद्यांना अडकवतो आणि तसाच बस्करावर बसून राहतो. नाव पुकारलं तर उभा राहतो, दप्तर काढत नाही. समोरची ओळ, जी त्याने महिन्यापूर्वी घडाघडा वाचलेली असते, ती त्याला दिसेनाशी होते. पहिल्यांदा मला वाटलं, घरी जायची घाई. मग त्याच्या आजीने सांगितलं. त्यांची वाडी दरडीच्या यादीत आहे. अतिवृष्टीचा इशारा आला की सगळ्यांना खाली हलवतात, मुक्काम शाळेत. मध्यरात्री उठवून, हाताला धरून, विजेरीच्या उजेडात. दप्तर तेवढं आपलं आपण घ्यायचं असं त्याला शिकवलेलं आहे.

या पोराने दरड डोळ्यांनी पाहिलेली नाही. २२ जुलै २०२१ ला तळीयेवर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसं गेली, तेव्हा तो अंगणवाडीच्या वयाचा. त्याच पावसात पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीला दरडी कोसळल्या. आणि २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहण, कोंडीवते. ते तर तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. त्या वर्षी शाळेत असलेली मुलं आज माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप आहेत. बरेचसे मुंबईला कामाला, पोरं आजी-आजोबांकडे. म्हणजे ही भीती प्रत्यक्ष पाहण्यातून आलेली नाही. ती घरातल्या बोलण्यातून, दर पावसाळ्यातल्या हलवाहलवीतून, मुंबईहून रात्री येणाऱ्या काळजीच्या फोनमधून मुलाच्या अंगात उतरते. वर्गात मात्र तिला कुणी भीती म्हणत नाही. 'लक्ष नाही', 'वाचनात मागे', 'अप्रगत'. ऑगस्टमध्ये चाचणी घेतली की तोच शिक्का पुढच्या इयत्तेपर्यंत सोबत जातो.

मला हे तपासायचंय. वाडी हलवली जाते त्या मुलांचं आणि खालच्या सपाटीवर राहणाऱ्या मुलांचं वाचन जूनमध्ये, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरात वेगवेगळं मोजायचं. हजेरीपट आणि पावसाचे आकडे तारखेवार समोरासमोर ठेवायचे. डिसेंबरात वाचन परत येत असेल, तर ते पोर कच्चं नव्हतं, चाचणीची वेळ चुकीची होती. येत नसेल, तर दुसरं काही आहे, आणि त्याची तपासणी वेगळी. मराठीतून वाचनदोष तपासायला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेली 'डाली' ही चाचणी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आलेली आहे, त्यामुळे अशा मुलाला सवलतीही मिळू शकतात. पण भ्यायलेल्या मुलाला अक्षम ठरवणं आणि खरोखर अडचण असलेल्याला 'पावसाने असं झालंय' म्हणून सोडून देणं, दोन्ही अन्याय आहेत. यातला फरक ओळखता येणं, मला एवढंच शिकायचंय.

तू म्हणालास, हे काम विद्यापीठातले लोक करतील, तू शिकव. दादा, या शास्त्राची सुरुवातच एका शिकवणाऱ्या बाईने केली. १८९६ साली मार्गारेट मॅग्वायर नावाच्या फिलाडेल्फियातल्या शिक्षिकेने आपल्या वर्गातला, स्पेलिंग काही केल्या न जमणारा एक मुलगा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लायटनर विटमर यांच्यापुढे नेऊन उभा केला. ती शाळेत शिकवत होती आणि विटमर यांच्या वर्गाला विद्यार्थिनी म्हणून जात होती. तपासात निघालं की मुलाची नजर अधू आहे. चष्मा लागला, शिकवणी सुरू झाली, आणि त्यातून जगातलं पहिलं मानसशास्त्रीय चिकित्सालय उभं राहिलं. प्रश्न वर्गातून गेला होता, प्राध्यापकाच्या टेबलावर सुचला नव्हता. आपल्याकडेही व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांवर पुन्हा नव्याने बसवली, नुसती भाषांतर करून दिली नाही. बिने-कामत म्हणून ती अजून वापरात आहे.

एका गोष्टीने मात्र झोप उडते. मी त्यांची बाई आहे. बाईंनी विचारलं तर तिसरीतलं पोर 'नाही सांगत' असं म्हणूच शकत नाही. पालकाची सही घेतली म्हणजे मुलाची संमती मिळाली असं होत नाही. म्हणून माझ्या शाळेतल्या मुलांचा अभ्यासात समावेश करायचा नाही, दुसऱ्या केंद्रातल्या शाळा घ्यायच्या, आणि मुलाखत मी न घेता तिऱ्हाइताने घ्यायची, असं मनाशी धरलंय. भीतीबद्दल विचारताना एखादं मूल कोसळलं तर पुढे कुणाकडे न्यायचं हे आधी पक्कं हवं. टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर आहे, पण फोनपलीकडे समोर बसणारं माणूसही लागेल. पीएच.डी. झाले म्हणून मी उपचार करणारी होणार नाही. तो परवाना वेगळा, भारतीय पुनर्वास परिषदेचा.

आता वेळेचं. ७ नोव्हेंबर २०२२ च्या यूजीसीच्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट जागा आहे. नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात लिहून द्यावं लागतं की संशोधनाला वेळ मिळेल आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं करू. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि बाईमाणसाला वर दोन. म्हणजे दहा वर्षांची मुभा. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. हे कलम वाचताना मला आपली आत्या आठवली, डी.एड. अर्ध्यावर सोडलेली. माझा अर्ज केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून अलिबागला जाईल. एम.ए. इग्नूतून झालंय, ते चालतं. नेटचा अभ्यास सुरू केलाय, २०२४ पासून तिचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात.

पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेत शालेय मानसशास्त्रावर पुष्कळ काम झालंय, तिकडे ओढ वाटतेच. पण माझा मोसम म्हणजे पावसाळा, आणि पावसाळ्यात आपला वरंध घाट बरेचदा बंद. ताम्हिणीवरून वळसा घालायचा तर जाऊन येऊन वर्गाचे दोन दिवस बुडतात. त्यापेक्षा वीर स्टेशनवरून मुंबई बरी, आणि रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठातच येतो. कलिन्याला उपयोजित मानसशास्त्र विभाग आहे. कोर्सवर्क मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत बसवता येईल का, ते मार्गदर्शकांना विचारणार आहे. जनगणना, मतदारयाद्या, पोषण आहाराच्या नोंदी यांतून उरलेल्या वेळात हे करायचंय, हे मला ठाऊक आहे. लांबेल. लांबू दे.

तुझा हा एक मुद्दा मनाला लागला, की इतकी वर्षं रेंगाळलेल्या पदवीला अर्थ राहत नाही. महाडच्या माणसाने असं म्हणू नये रे. बाबासाहेबांचा कोलंबियाचा प्रबंध १९१७ च्या सुमाराचा. मध्ये सिडनहॅम कॉलेजात नोकरी, पुन्हा लंडन, मग वकिली. प्रबंध छापून निघाला १९२५ ला, आणि पीएच.डी. रीतसर हातात आली जून १९२७ मध्ये. त्याच्या आधीच्या मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता, डिसेंबरात ते पुन्हा महाडला आले. पदवी कामाच्या मधोमध आली, आणि तिने काम थांबवलं नाही.

फीचे पैसे नकोत, खरंच. इकडची फी माझ्या पगारात भागते. द्यायचंच असेल तर एक चांगला पर्जन्यमापक घेऊन ये, नोंद आपोआप ठेवणारा. महसूल मंडळाचा आकडा अख्ख्या मंडळाला एकच, आणि आपल्या खोऱ्यात बिरवाडीला ऊन असताना घाटाखाली धो धो कोसळत असतं. वाडीवर किती पडला ते वाडीवरच मोजायला हवं. चौथीची पोरं रोज दहा वाजता आकडा फळ्यावर लिहायला आत्ताच तयार आहेत. मे अखेर पोहोचला तर या वर्षीच्या नोंदी हाती लागतील.

आईचा गुडघा बरा आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण