वाढत्या अंगाचे विमान

लहानपणी मला मापाचा सदरा कधी मिळाला नाही. "वाढत्या अंगाचा द्या," असे आई दुकानदाराला सांगायची. तो अंगाला नीट बसेपर्यंत त्याची कॉलर विरलेली असायची. रिमोटवर उडणारे दुसरे विमान करायचे ठरवले, तेव्हा मला तो सदराच आठवला.

पहिले विमान थर्माकोलचे. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ८० सेंटिमीटर. अर्धापूरच्या शिवारात पीक निघालेल्या रानात मी ते उडवायचो. जरा वारा सुटला की भरकटायचे. दूर गेले की ठिपका व्हायचे. येते आहे की जाते आहे, तेही कळायचे नाही. शेवटी केळीच्या बागेत शिरून ते मोडले.

म्हणून दुसरे १६० सेंटिमीटरचे करावे, असे मनाने घेतले. मोठे विमान वाऱ्याने सहसा हेलकावत नाही, लांबूनही दिसते. पण विज्ञान शाखेतल्या मित्राने हिशेब मांडला. तोच माल वापरून सगळी मापे दुप्पट केली, तर पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते आणि वजन आठपट. म्हणजे पंखावर दुप्पट भार आणि उतरताना सुमारे १.४ पट वेग. तेवढे मोकळे रान केळीच्या मुलखात आणायचे कुठून? शिवाय उन्हाळ्यात केळीचे घड ट्रकमध्ये भरून साठवलेल्या पैशांत एकच विमान होणार होते. ते गेले की तिसरे नाही.

मुंबईत अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते प्रदर्शनासाठी खाली आणताना सुटे करावे लागले. आमच्या घराचे दार तर तीन फुटांचे!

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते शाळेची पायरी चढलेले नाहीत. मी अंगणात खडूने दोन्ही मापे आखली. दादांनी पावलांनी मोजली आणि म्हणाले, "इतकं मोठं कामून? पडणार तर हायेच. पडल्यावर आपल्याला जोडता येईल, तितकंच मोठं कर."

माझ्या हिशेबात उडणे होते, पडणे नव्हतेच. घरातून महाविद्यालयात येणारा मी पहिलाच. पहिल्या वर्षी इंग्रजीत आपटलो, तेव्हा मोठा सदरा पुन्हा अंगावर आल्यासारखे वाटले होते. तोही सावकाश जोडत गेलो.

अखेर १२० सेंटिमीटर ठरले. रिमोट आणि सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटारी जुन्याच. पंख्याची मोटार व बॅटरी तेवढी नवी. पंख दोन भागांत, म्हणजे दारातून निघतो. तिसऱ्याच दिवशी विमान पडले. डावा पंख तडकला. डिंक वाळेपर्यंत तो दोन्ही हातांनी धरून दादा ओट्यावर बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे रानात गेलो.