स्टॅग फील्ड

खेळ उठून गेलेल्या मैदानांची मला फार ओढ आहे. रेघा पुसल्या जातात, गवत माजतं, आणि हजारो माणसांसाठी बांधलेल्या पायऱ्यांवर नुसतं ऊन पसरतं. अशा मैदानांत शिकागो विद्यापीठाचं स्टॅग फील्ड माझ्या मनात घर करून बसलं आहे.

तिथे 1893 साली खेळ सुरू झाला. जमीन मार्शल फील्ड या व्यापाऱ्याने दिलेली, म्हणून आधी नाव त्याचं. 1913मध्ये ते अमोस अलोन्झो स्टॅग यांचं झालं. 1892 ते 1932 अशी चाळीस वर्षं त्यांनी विद्यापीठाचा अमेरिकी फुटबॉलचा संघ घडवला. पश्चिमेच्या स्टँडला बाहेरून किल्ल्याचे असावेत तसे बुरूज होते. आत शनिवारी दुपारी केवढा जल्लोष उसळत असेल! पण दिवस फिरले. 1939च्या मोसमात मिशिगनने या संघाला 85-0 असं हरवलं, आणि त्याच डिसेंबरात विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. विद्यापीठाचं काम विद्येचं, असा अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांचा आग्रह होता.

स्टँड ओस पडले. त्यांच्याखालच्या स्क्वॉशच्या कोर्टात 1942च्या नोव्हेंबरात जगातल्या पहिल्या अणुभट्टीच्या प्रयोगासाठी ग्राफाइटच्या विटा रचल्या जाऊ लागल्या. खरं तर हा प्रयोग शहराबाहेरच्या अरगॉन जंगलात व्हायचा होता. तिथलं बांधकाम संपामुळे अडलं, म्हणून भर वस्तीतली ही जागा निवडली गेली. 40,000हून अधिक विटा, त्यांत बसवलेलं युरेनियम, एकावर एक 57 थर. कोर्टात ऊब नव्हती. काम करणाऱ्यांचे चेहरे काळ्या भुकटीने माखत.

2 डिसेंबरची सकाळ मी पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणतो. अणुप्रक्रिया रोखून धरणारे कॅडमियमचे दांडे हळूहळू बाहेर ओढले जात होते. अचानक सुरक्षेचा दांडा आपोआप आत पडला, आणि प्रयोगाचे प्रमुख, भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी शांतपणे म्हणाले, चला, जेवून येऊ. दुपारी साडेतीनच्या सुमारास साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली. ऊर्जा जेमतेम अर्धा वॅट. फर्मींचे सहकारी यूजीन विग्नर यांनी आणलेली इटालियन वाइन कागदी पेल्यांतून सगळे निमूट प्यायले. सगळे गेल्यावर दुसरे सहकारी लिओ सिलार्ड यांनी फर्मींचा हात हातात घेतला. हा दिवस मानवजातीच्या इतिहासात काळा ठरेल, असं आपण त्यांना म्हणालो, हे त्यांनी नंतर सांगितलं. तीन वर्षांच्या आत अणुबॉम्बने हिरोशिमा जळलं.

जिथे हजारोंनी आरोळ्या ठोकल्या, तिथली सर्वांत मोठी घटना जेमतेम पन्नास माणसांनी आवाज न करता पाहिली. हा विचार मला अस्वस्थ करतो.

1957मध्ये स्टँड पाडले. 1967मध्ये, त्या दिवसाला पंचवीस वर्षं होताना, अणुभट्टीच्या जागी हेन्री मूर यांचं कांस्यशिल्प उभं राहिलं. मैदानावर 1970 साली रेगेनस्टाइन ग्रंथालय उघडलं. फुटबॉलही 1969मध्ये विद्यापीठात परतला आणि स्टॅग यांचं नाव घेऊन दुसऱ्या मैदानावर गेला.

या भूमीला ग्रंथालयाहून योग्य वारस मिळाला नसता, असं मला मनापासून वाटतं. ज्ञानाने इथे जे केलं, त्याचा जाब ज्ञानाला इथेच बसून द्यावा लागतो. शिकागोला गेलात तर एलिस अव्हेन्यूवरच्या त्या शिल्पापाशी जरूर थांबा. फर्मींची आठवण काढाल तेव्हा हिरोशिमाच्या माणसांचीही काढा, आणि त्याच मातीत धावून गेलेल्या पोरांचीही.