दहा दिवसांची दुरुस्ती

हेब्बाळला पोस्टिंग असताना, २०११ मध्ये, मुलाच्या कॉम्प्युटरचे ग्राफिक्स कार्ड गेले. आधी स्क्रीनवर हिरवे ठिपके, मग आडव्या रेघा, शेवटी काळोख. मदरबोर्डला स्वतःचे व्हिडिओ आउटपुट नव्हते, त्यामुळे कार्डाशिवाय काहीच दिसेना. त्याला डिझाइनच्या कॉलेजसाठी ब्लेंडरवर केलेली फिल्म दहा दिवसांत पाठवायची होती, आणि महिनाअखेर होती.

ईएमईतला माणूस आधी सोपे तपासतो. सोनेरी पट्टी खोडरबराने पुसली, पंखा झाडला, चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट काढून नवी लावली. कपॅसिटर फुगलेले नव्हते, मीटरवर शॉर्ट नव्हता. शेजाऱ्याच्या पीसीत लावले, तिथेही तेच. एस. पी. रोडवरचा एक दुकानदार म्हणाला, "रीबॉलिंग करतो, पण गॅरंटी इल्ला." भाव ऐकून परत आलो.

तोवर मुलाने वाचून ठेवले होते : कार्ड ओव्हनमध्ये भाजायचे. "बाबा, लोकांची चालू झालीत." झाली असतीलही, पण त्यामागचे कारण मला पटेना. म्हणे सोल्डर वितळून तडे बुजतात. वर्कशॉपमधले आमचे ६३-३७ सोल्डर १८३ अंशांना वितळते. पण १ जुलै २००६ पासून युरोपने अशा मालात शिशाला बंदी घातली, आणि कार्डांवर बिनशिशाचे सोल्डर आले. ते वितळायला साधारण २१७ अंश लागतात. लोक भाजतात २००च्या आत. मग वितळते काय? शिवाय तडा पुष्कळदा त्याहून आत असतो, सिलिकॉनचा तुकडा आणि त्याखालची पाटी यांच्यामधल्या बारीक टाक्यांत. गरम-थंड होताना दोन्ही सारखे फुगत नाहीत, आणि टाके थकतात. जुलै २००८ मध्ये एन्व्हिडियाने लॅपटॉपच्या काही चिपमधल्या पॅकेजिंगच्या दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. आमच्या कार्डाचा त्याच्याशी संबंध नाही, पण हा रोग किती महागडा ते कळते. भाजल्याने फार तर तुटलेली टोके पुन्हा टेकतात.

तरीही भाजले. फौजेत फील्ड रिपेअर वेगळे आणि बेस रिपेअर वेगळे. तारेने बांधलेला सायलेन्सर गाडीला वर्कशॉपपर्यंत आणतो, आणि तेवढेच त्याचे काम.

सौ.ने स्वयंपाकाच्या ओव्हनला हात लावू दिला नाही. बरोबरच होते तिचे, फ्लक्सचा धूर आणि केक एका डब्यात नकोत. भंगारवाल्याकडून जुना ओटीजी आणून बाल्कनीत मांडला. हीटसिंक, पंखा, प्लास्टिक सगळे उतरवले. चार कोपऱ्यांखाली फॉइलच्या गोळ्या, चिपची बाजू वर. मीटरचे थर्मोकपल आत सोडले होते ते बरे : बटण २०० दाखवत होते तेव्हा आत १७० होते. १९५वर आठ मिनिटे ठेवले, मग दार उघडून न हलवता पूर्ण निवू दिले.

संध्याकाळी स्क्रीन आली. केसची बाजू उघडी ठेवली, पंखा पूर्ण वेगावर, गेम बंद, आणि रोज रात्री फिल्मची प्रत पेनड्राइव्हवर. कार्डाच्या पत्र्यावर मास्किंग टेप लावून तारीख आणि 'तात्पुरते' असे लिहिले.

फिल्म नवव्या दिवशी गेली. कार्ड २६ दिवस चालले. २७व्या सकाळी मुलगा पुन्हा ओटीजी पुसायला लागला, त्याला थांबवले. पगार झाला होता. आम्ही दोघे बसने एस. पी. रोडला गेलो.