विनोदी पात्र आणि एक पद

वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस भोपाळला पोचण्याआधी खांडव्यावरून जाते. गेल्या वर्षी पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी भोपाळला निघालो, तेव्हा खांडवा आल्यावर मी खिडकीशी सरकून बसलो. किशोरकुमारचं गाव! 4 ऑगस्ट 1929 रोजी तो इथे जन्मला, आणि 13 ऑक्टोबर 1987 रोजी मुंबईत गेल्यावर त्याला शेवटी आणलं तेही इथेच.

आता किशोरबद्दल एवढं ममत्व का, ते सांगतो. आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकात गेली वीस वर्षं विनोदी पात्र माझं. तोंडाला रंग लावून मी आत शिरलो की प्रेक्षक हसायला तयारच असतात. पदं मात्र दुसरा म्हणतो. मला ती सगळी पाठ आहेत, पण "तू हशा वसूल कर रे" म्हणून विषय संपतो.

किशोरचंही असंच झालं की. 1948 च्या 'जिद्दी'त तो देव आनंदसाठी गायला, म्हणजे गळा होताच. पण पुढची वीसेक वर्षं लोकांनी त्याला ओळखलं ते मुख्यतः 'चलती का नाम गाडी', 'हाफ टिकट' यांतला धमाल माणूस म्हणून. 1958 च्या 'रागिणी'त तर पडद्यावर किशोर आणि शास्त्रीय ढंगाच्या गाण्याला आवाज रफीचा! गाणाऱ्यानेच दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवायचे. तेव्हा त्याला काय वाटलं असेल, हे मला विंगेत उभं राहून कळलेलं आहे.

पण पठ्ठ्याने हसवणं आणि गाणं कधी वेगळं मानलंच नाही. भाऊ अनूपकडच्या परदेशी तबकड्या ऐकून तो यॉडलिंग शिकला असं सांगतात. अमेरिकेतल्या जिमी रॉजर्सची ती गळा उलटापालटा करण्याची तऱ्हा त्याने 'झुमरू'त (1961) अशी खेळवली की ती इथलीच वाटावी. त्या चित्रपटाचं संगीतही त्याचंच. सी. रामचंद्रांच्या 'ईना मीना डीका'त (1957) तर आपल्या कोंकणीतले दोन शब्दसुद्धा त्याने धुडगूस घालत म्हटले आहेत. तो सगळा वेडेपणा तालात आणि सुरात पक्का आहे. 1969 मध्ये 'आराधना' आला आणि मग लोकांना त्याच्यातला गायक दिसला. तेव्हा तो चाळिशीचा होता. मी सध्या चव्वेचाळीसचा.

भोपाळला शेवटच्या रात्री सांस्कृतिक कार्यक्रम झाला. पंधरा दिवस मी नकला करून सगळ्यांना हसवलं होतं, त्यामुळे माझं नाव पुकारताच हशा सुरू. मी 'दूर गगन की छाँव में' (1964) मधलं, बापाने मुलाला म्हटलेलं गाणं धरलं. पटकथा, संगीत, दिग्दर्शन, अभिनय, सगळं किशोरचंच असलेला तो गंभीर चित्रपट. पहिल्या ओळीला दोघे-तिघे हसले. त्यांना वाटलं, आता नक्कल येणार. दुसऱ्या ओळीला कुणीच हसलं नाही. संपल्यावर जेवण वाढणारे पोक्त चाचा एवढंच म्हणाले, "अरे भैया, आप तो गाते हैं!"

नंतर जाऊन बड्या तलावाच्या काठी बसलो. पाण्यात दिवे हलत होते. मनात म्हटलं, वीस वर्षांत मी तरी स्वतःहून कधी पद मागितलं होतं का? रुसण्यातच काळ गेला.

घरी आल्यावर नाटकाच्या बैठकीत मी धीर केला. "तात्या, अवंदा एक पद म्हाका दियात."

तात्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आनी विनोदी पात्र कोण करतलो?"

"दोनूय हांवच करतलों," मी म्हटलं.