पातळाच्या वाती

लग्न होऊन तासगावात आले ते १९९१ साल. वैशाखातली दुपार होती. मी राजापूरकडची. आईच्या अंगणात अबोली कुणी लावलेली मला आठवत नाही, ती असायचीच. न्हाणीच्या पाण्यावर, गडग्याच्या कडेला, तुळशीच्या मागे. तासगावातली आमची खोली माडीवर. पुढे दहा बाय आठची गच्ची, तीही तव्यासारखी तापलेली. आईने ट्रंकेत साडीच्या घडीत अबोलीच्या वाळल्या शेंगांची पुरचुंडी ठेवली होती. ती सोडली आणि मला रडू फुटलं. पेरायला मूठभर माती नव्हती.

रडण्याचा आवाज खाली गेला असावा. खालच्या खोलीतल्या आक्का जिना चढून आल्या. पुरचुंडी बघितली, माझ्याकडे बघितलं.

"अंगणाबिगर झाड येतंय की गं. मातीबिगर न्हाई येत. माती मी देते, तू डबा आण."

आक्का बेदाण्याच्या शेडवर कामाला जायच्या. माघापासून चैत्र संपेपर्यंत शेड, एरवी द्राक्षबागेत डोळे मोजणं, विरळणी, काड्या बांधणं. शेडवरचं काम मी पुढे एकदा त्यांच्याबरोबर जाऊन पाहिलं. लिटरभर पाण्याला पंचवीस ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि पंधरा मिली डिपिंग ऑइल या हिशेबाने टाकी भरायची, त्यात घड बुडवायचे आणि हिरव्या जाळीखाली मजल्यामजल्यांनी पसरायचे. बारा-पंधरा दिवसांत चार किलो द्राक्षाचा किलोभर बेदाणा होतो. या सगळ्या उद्योगातून जे उरतं, फाटतं, फुटतं ते आक्का घरी आणायच्या. शेडनेटचे तुकडे, तुटके क्रेट, ठिबकच्या नळीचे हात-दोन हात, खताची रिकामी पोती, चार किलोच्या पेटीतली कागदाची कात्रणं. त्यांच्या दारात भिंतीला लागून चाळीस-पन्नास डबे होते. गोडेतेलाचे पंधरा किलोचे चौकोनी, डालड्याचे, रंगाच्या बादल्या, कान तुटलेला माठ. आणि त्या डब्यांत शेवंती, सदाफुली, गुलबक्षी, जास्वंद, गोकर्ण आणि एक मोगरा.

माझा पहिला डबा तेलाचा होता. राखेने घासून आक्कांनी उन्हात पालथा घातला. मी खिळा घेऊन बुडाला भोकं पाडायला बसले, तर त्यांनी हात धरला. भोकं बुडाला तीन आणि बुडापासून बोटभर वर, बाजूंना चार. खालचं एखादं तुंबलं तरी पाणी वरच्यातून निघतं. भोकांवर खापराचे तुकडे, उलथे, म्हणजे माती वाहून जात नाही. त्यावर खरड छाटणीच्या वाळल्या काड्या मोडून चार बोटं. मग येरळेकाठचा पोयटा, जुनं शेणखत आणि वाळू. आमच्या भागातल्या काळ्या मातीचं नुसतं ढेकूळ डब्यात घातलं तर ते पावसात चिखल आणि उन्हात दगड होतं, म्हणून वाळू हवीच. डबा दोन विटांवर ठेवायचा. फरशीला टेकला की बूड वर्षात गंजतं, विटांवर तीन वर्षं निघतात.

अबोली पेरण्याआधी मी त्यांना आमच्याकडची गंमत दाखवली. वाळली शेंग ओल्या तळहातावर ठेवायची. क्षणभर काही होत नाही, मग टच्चकन ती फुटते आणि बी उडतं. आक्का पन्नाशीच्या पुढच्या बाई, लहान मुलीसारख्या हसल्या. "आणि एक ठेव," म्हणाल्या. निम्म्या शेंगा आम्ही तशाच उडवल्या आणि मग गच्चीभर गुडघ्यांवर रांगत बी गोळा केलं.

त्यांच्याकडून जे शिकले त्यातलं बहुतेक द्राक्षाचं होतं, फुलांना लावलेलं. मोगऱ्याला माघात त्या पाणी तोडायच्या. बागेला ताण देतात तसा ताण. पानं मलूल झाली की काड्या निम्म्यावर छाटायच्या, उरलेली पानं ओरबाडून काढायची, वरची माती उकरून शेणखत घालायचं आणि मग पोटभर पाणी. चैत्रात ते झुडूप पांढरं व्हायचं. शेवंतीचे शेंडे आषाढापासून दोन-तीनदा खुडायच्या, फांदीला फांदी फुटावी म्हणून, आणि भाद्रपदानंतर शेंड्याला हात लावू द्यायच्या नाहीत. रात्र मोठी होऊ लागली की शेवंती कळी धरते. हे कारण मला पुस्तकात नंतर सापडलं, आक्कांना ते हाताने ठाऊक होतं. या तालुक्यात फांदीकडे बघणारी माणसं आहेतच. बोरगावच्या वसंतराव आर्व्यांनी थॉमसनच्या बागेत एक वेगळी निघालेली काडी हेरली आणि तिची 'तास-ए-गणेश' ही द्राक्षाची जात झाली. आक्का त्या नावाचा उच्चार देवाच्या नावासारखा करायच्या.

त्यातलं गणेश हे नाव इथे सहज येतं. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या इथल्या देवळाला दक्षिणेसारखं सात मजली गोपुर आहे. १७७९ ला काम सुरू झालं, १७९९ ला पुरं झालं. ऋषिपंचमीला रथ निघतो, दोर धरायला सगळा गाव लोटतो. त्या दिवशी आक्कांच्या दारातली जास्वंद पहाटेच मोकळी व्हायची. जो येईल त्याला फूल. पैसे द्यायला लागलं तर त्या हात मागे घ्यायच्या.

माझ्या हातून एक चूक झाली, ती लिहायलाच हवी. दुसऱ्या पावसाळ्यात मी कुणाच्या तरी बांधावर पडलेला निळा कॅन आणला, कापला, धुतला आणि त्यात आक्कांनी दिलेला गोकर्ण लावला. आठ दिवसांत पानं पंख्यासारखी चुरगळली, शेंडा पिळवटला. आक्कांनी कॅनचा वास घेतला आणि त्या माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचं ओरडल्या. "ह्यो तणनाशकाचा हाय! उसातलं हे वाऱ्यानं बागंवर आलं तर बाग जाती, आणि तू त्यात झाड लावतीस?" कॅन त्यांनी ठेचून मातीखाली पुरून टाकला, वेलही. औषधाचा डबा कितीही धुतला तरी झाडाला आणि माणसाला नाही, हे तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते.

त्याच पावसाळ्यात त्यांनी मला मोगरा दिला. तो त्यांनी सावळजहून, माहेरून आणलेला, त्यांच्या आईच्या दारचा. बुडाजवळची फांदी वाकवली, पेराखाली साल जराशी खरवडली, शेजारच्या डब्यातल्या मातीत दाबून वर दगड ठेवला. अडीच महिन्यांनी मुळं धरली तेव्हा मधली फांदी कापली आणि डबा माझ्या हातात दिला. मी काही बोलणार तोवर घरात निघून गेल्या.

१९९३ च्या मार्चमध्ये मी बाळंतपणाला माहेरी निघाले. गच्चीत तोवर सव्वीस डबे झाले होते. आमचे हे सकाळी सातला बाहेर पडून रात्री परतायचे. डबे जाणार असं मी धरूनच चालले होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी आक्का एक जुनं सुती पातळ घेऊन वर आल्या. दातांनी कड सोडवून त्याच्या बोटभर रुंद चिंध्या फाडल्या आणि त्यांना पीळ दिला. मध्ये तीन विटांवर बादली, तिच्याभोवती डबे एकमेकांना चिकटून, वर शेडनेट. प्रत्येक चिंधी ओली करून एक टोक बादलीच्या तळाला, दुसरं डब्यातल्या मातीत चार बोटं आत. वात तेल ओढते तशी चिंधी पाणी ओढते. अशा चार बादल्या लावल्या. कडेच्या डब्यांना ओलं गोणपाट गुंडाळलं, कारण पत्रा तापला की मुळं भिंतीलगत शिजतात.

"बादली किती दिवस पुरंल, आक्का?"

"तू पोराचं बघ."

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पाणी चार-चार दिवसांनी यायचं, हे मला पत्रातून कळत होतं. जुलैअखेर मुलीला घेऊन परत आले. आधी गच्चीवर गेले. सव्वीसच्या सव्वीस डबे हिरवे. अबोलीला केशरी तुरे आले होते. चिंध्या अजून मातीत होत्या, आणि पाण्यातल्या क्षारांनी पांढऱ्या, कडक झालेल्या.

खाली उतरताना आक्कांच्या भिंतीकडे लक्ष गेलं. निम्म्याहून जास्त डबे रिकामे होते. सदाफुली तेवढी होती, ती भेगेतही जगते. जास्वंदीच्या काड्या होत्या. मोगऱ्याचा डबा नुसता मातीचा.

मला बोलता येईना. त्यांनी मुलीला घेतलं, तिच्या टाळूवर तेल आहे का बघितलं आणि म्हणाल्या, "माझी काय, परत लागतील. तुझी परगावची हाईत."

पुढच्या पावसाळ्यात माझ्या मोगऱ्याची फांदी मी दाबली. त्यांनी शिकवली तशीच. मुळं धरल्यावर डबा त्यांच्या दारात नेऊन ठेवला. त्यांनी पान हातात घेतलं, मागून-पुढून बघितलं. "व्हय, आईचंच हाय," एवढंच म्हणाल्या. फेड झाली असं मला काही वर्षं वाटत होतं.

आक्का गेल्या तेव्हा आम्ही सांगलीला राहायला गेलो होतो. तेराव्याला गेले. जेवणं झाल्यावर त्यांची सून माझ्याजवळ येऊन बसली. बोलता बोलता तो उन्हाळा निघाला.

"भांडी विसळलेलं पाणी घंगाळात निवत ठेवायच्या, ताई. शेडवरनं आल्या की ते बादलीत घेऊन वर. दर तीन दिवसाला चार खेपा. गुडघं धरलं हुतं तवाच. निम्म्या जिन्यात बादली मांडीवर घिऊन बसायच्या. मी म्हणायची, मी नेते. तर म्हणायच्या, नको, तुझ्या हातनं वात हलंल."

निघताना मी फाटकाकडे न जाता जिन्याकडे वळले. वर आता दुसरं बिऱ्हाड आहे, दोरीवर त्यांचे कपडे वाळत होते. पायऱ्या एकोणीस आहेत. इतकी वर्षं राहून मी त्या कधी मोजल्या नव्हत्या. दहावीवर जाऊन थोडा वेळ बसले.